मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली

मी किल्ली बोलतेय. पितळेची, बोटभर लांब. कारखान्यातून निघाले तेव्हा कुठं जाणार, काही ठाऊक नव्हतं. वाट्याला आलं पठारावरचं गुरंवाल्यांचं गाव आणि तिथल्या दवाखान्यातलं मॉर्फिनचं कपाट. औषधाचं दुकान तिथून नव्वद मैल!

अकरा वर्षं मी लोर्ना टेस्केच्या गळ्यात होते. लोर्ना नर्स प्रॅक्टिशनर. रोगी तपासायची, निदान करायची, टाके घालायची, अडलेली बाळंतीण सोडवायची. इतकं सगळं कायद्याला चालायचं. पण मॉर्फिनची बाटली रोग्याच्या हातात द्यायची, तर डॉक्टर व्हिटकॉम्ब यांची सही हवी! डॉक्टर दोनशे मैलांवर. आमचा दवाखाना त्यांनी कधी पाहिलासुद्धा नव्हता. सही मात्र झोकदार. फॅक्सनं कागद गेला की पाच मिनिटांत सही होऊन परत. एकदा लोर्नानं मुद्दाम गठ्ठ्यात गाजराच्या केकची कृती सरकवली. तीही मंजूर होऊन आली.

जानेवारीत बर्फानं रस्ता बंद झाला. ऑरव्हिल हॉगेनचा कॅन्सर हाडांत उतरला होता. त्याची म्हातारी बायको, इंगा, ट्रॅक्टर हाकत आली.

"उशी चावतोय गं तो," ती म्हणाली. "काहीतरी दे."

लोर्नानं फोन लावला. पलीकडे डॉक्टरांची कारकून.

"डॉक्टर हवाईला गेलेत. सोमवारी करतील सही."

"मग रोग्याला सांगू का, सोमवारपर्यंत कळ सोस म्हणून?"

"ते तुमचं तुम्ही बघा बाई."

लोर्नानं मला गळ्यातून काढलं. कपाट उघडलं, गोळ्या दिल्या, आणि वहीत परवानगीच्या रकान्यात लिहिलं, 'डॉक्टर सुट्टीवर. मी दिल्या.' खोटं लिहिलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता.

ऑरव्हिल चार रात्री शांत झोपला आणि गेला.

वसंतात परवाना देणाऱ्या मंडळापुढं लोर्नाची चौकशी झाली. तिनं डॉक्टरांच्या सहीची केकची कृती पुढं ठेवली. ती बघून अध्यक्ष म्हणाले, "हे नियंत्रित औषध नाही. विषय सोडून बोलू नका."

इंगा उठली. "गोळ्या मी नेल्यात. काय करायचं ते मला करा. जाताना माझा म्हातारा माझ्याशी बोलला तरी. नाहीतर नुसता ओरडत गेला असता."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. लोर्नाचा परवाना वर्षभर स्थगित झाला. दुर्गम गावांच्या औषधांसाठी समिती नेमली, तिच्यावर डॉक्टर व्हिटकॉम्ब. अनुभव दांडगा ना!

मला जमा करून घेताना मंडळाच्या कारकुनानं पावती पुढं सरकवली.

"सही कुणाची चालेल?" लोर्नानं विचारलं.

"तुमचीच की," तो म्हणाला.

आता मी पुरावा क्रमांक चार, पाकिटात बंद. गावातला दवाखानाही बंद. कपाट मात्र औषधांनी भरलेलं आहे. कुणी हे पाकीट उघडलंत, तर मला लोर्नाकडे पोचवा. ती परतलीच नाही, तर खुशाल वितळवा. पण समितीच्या हाती देऊ नका.