मी, मुस्कटदाबी

घाबरू नका, मी कुणाचं तोंड दाबायला आलेली नाही. मी मुस्कटदाबी, मराठीतला एक शब्द. नाव जरा रांगडं आहे, पण त्याला माझा इलाज नाही.

एखाद्याला बोलूच द्यायचं नाही, त्याचा आवाज दडपून टाकायचा, याला लोक माझं नाव देतात. माझी उमर मोर्चांत आणि अग्रलेखांत गेली. ज्यांना तोंड उघडायची चोरी होती, त्यांनी जिवावर उदार होऊन मला उच्चारलं. तेव्हा माझा ऊर भरून यायचा.

पुढे नंदूबरोबर मी पुण्याहून बेंगळुरूला आले. आयटीतला माणूस, बेळ्ळंदूरला फ्लॅट. त्याने मला ऊठसूट राबवलं. मॅनेजरने मीटिंग आवरली, मुस्कटदाबी! सोसायटीच्या ग्रुपवरून त्याचा विनोद उडवला, मुस्कटदाबी! मी कपाळाला हात लावायचे. पण परमुलखात आठवण तरी काढतो, म्हणून सुखवायचेही.

परवा मराठी मंडळाची गणपतीची बैठक त्याच्याच घरी होती. अध्यक्षांनी बोलणं आवरतं घ्यायला सांगताच तो उसळला, "ही सरळसरळ मुस्कटदाबी आहे!"

जे. पी. नगरच्या गोदूबाईंनी चष्मा सावरला. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मी कधी त्यांच्या कानावर पडले नव्हते. "स्वल्प समजावून सांग की रे. म्हणजे काय ते?"

"माणसाला त्याचं म्हणणं मांडूच न देणं, काकू."

"सरी, सरी." कानडी वळणाने 'बरं, बरं' म्हणत त्या चहा घेऊन आलेल्या नंदूच्या बायकोकडे वळल्या. "स्मिता, इंदिरानगरची नोकरी चांगली होती म्हणे. का सोडलीस गं?"

स्मिता बोलणार, तोच नंदू म्हणाला, "तिलाच नको होती."

मी हादरले. ज्याच्या जिभेवर मी रोज नाचत होते, त्याच्याच घरात मी ठाण मांडून बसले होते, आणि मला पत्ताच नव्हता!

"तुला नाही विचारलं, अप्पा," गोदूबाई नंदूला म्हणाल्या. "तिला विचारलं."

स्मिताने ट्रे खाली ठेवला.

"मला हवी होती. राजीनामा नंदूने पाठवला, माझ्या लॅपटॉपवरून. मला ऑफिसमधून फोन आला तेव्हा कळलं."

नंदू काहीतरी बोलायला गेला, पण या वेळी त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. सगळे स्मिताचं ऐकत होते.

मला मिरवू नका, एवढीच विनवणी. घरातलं माणूस बोलू लागलं, तर त्याला बोलू द्या. मग मला विसरलात तरी चालेल.