वांग्याच्या वाफ्यातली डबी

१९४२ च्या हिवाळ्यातली गोष्ट. जऊळक्याजवळच्या आपल्या मळ्यात गोजराबाई सकाळी वांगी तोडायला गेली, तर वाफ्यात बांबूच्या काड्यांचा एक हलका सांगाडा पडलेला. त्याला फाटक्या रबरी फुग्याची चिंधी लोंबत होती. मधोमध मुठीएवढी पत्र्याची डबी होती आणि डबीला एक चिठ्ठी बांधलेली होती.

लढाईचे दिवस होते. बातमी पसरली तसे पोलीस पाटील गुलाबराव चार माणसं घेऊन आले आणि बांधावरच थांबले.

"गोजरा, दूर हो! बॉम्ब असंल तो. विहिरीत टाकून देऊ."

"माही विहीर कायले नासवता, पाटील? अन् बॉम्बले कोणी चिठ्ठी बांधते काय? ज्यानं बांधली त्याले काही सांगायचं हाये. या, वाचा."

पाटलांना वाचता येत होतं, पण ते बांधावरून उतरेनात. गोजराबाईला अक्षर येत नव्हतं. तिनं टोपलीत कडबा अंथरला, सांगाडा होता तसा अलगद ठेवला आणि टोपली डोक्यावर घेऊन थेट स्टेशन गाठलं.

स्टेशनमास्तरांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली, "पुण्याचं सरकारी हवामान यंत्र. उघडू नये. आतल्या पत्र्याला बोट लावू नये. सापडल्यास परत पाठवावे." मग त्यांचाच हात डबीच्या झाकणाकडे गेला. "आत काय आहे, जरा बघू."

गोजराबाईनं झाकणावर तळवा ठेवला. "आत्ताच वाचलं ना तुमी, मास्तर?"

मास्तर ओशाळून हसले. दोघांनी मिळून डबी कापसात बांधली आणि दुपारच्या गाडीनं रवाना केली.

महिन्याभरानं पुण्याहून पत्र आलं. बाजाराच्या दिवशी मास्तरांनी ते तिला वाचून दाखवलं. फुगा दहा मैल वर गेला होता. तिथली हवा बर्फाहून कितीतरी थंड निघाली. त्या उंचीच्याही वर ओझोन नावाचा वायू असतो, तो उन्हातली जाळणारी किरणं अडवतो. पुण्यात जमिनीवरच्या यंत्रानं तो मोजत असतात, आणि त्याच दिवशीची वरची थंडी आता या डबीनं सांगितली होती. वरच्या थंडीची नोंद म्हणून आतल्या पत्र्यावर सुईनं केसासारखी रेघ ओढलेली असते, बोट लागलं की ती पुसते. आधीच्या तीन डब्या लोकांनी उघडून पाहिल्या होत्या. ही एकच शाबूत पोचली.

"आता माहं लिवा," गोजराबाई म्हणाली. "चिठ्ठी चांगली हाये, पण ज्याले वाचता येत नाई त्यानं काय करावं? डबीवर बोटाचं चित्र काढा अन् त्याच्यावर फुली मारा."

"अहो, मोठ्या साहेबांना असं शिकवायचं?"

"काहून नाई? डबी त्यायची, पण पडते आमच्या वावरात."

मास्तरांनी शब्दन् शब्द लिहिला.

पुढच्या हिवाळ्यात जवळच्याच मेडशीच्या शिवारात सोमला नावाच्या म्हाताऱ्याला एक डबी सापडली. झाकणावर लाल शाईत बोट होतं आणि बोटावर फुली. सोमलानं आयुष्यात पाटी धरली नव्हती, पण गोजराबाईनं डबी स्टेशनवर नेल्याचं बाजारात ऐकलं होतं. त्यानं डबी धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि न उघडता स्टेशनवर आणून दिली.