भोपळ्याची टोपी

सासूबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या भोपळ्याच्या दोनच बिया डबीत उरल्या होत्या. वहिनीने त्या पेरल्या आणि दोन्ही उगवल्या, पण टरफल डोक्यावर घेऊनच. बी जुनं, त्यात पेरलेलं वरवर. वर येताना टरफल घासून निघेल एवढी मातीच नव्हती. काल तिने एकाची टोपी नखाने ओढली, तर टोपीबरोबर मुंडकंही हातात आलं. आता उरलं एकच रोप. ते गेलं की सासूबाईंचा भोपळा संपला.

म्हणून तिने नणंदेला बोलावलं. नणंद डोळ्यांची डॉक्टर.

"पेशंट कुठाय?" चपला काढता काढता नणंद म्हणाली.

"खिडकीत. आणि हसू नकोस, तुझ्या आईचा भोपळा आहे."

"आईला जन्मभर सगळ्यांनी टोप्या घातल्या. भोपळा तरी कसा सुटेल?"

वहिनीने सकाळपासून टरफलावर ओला कापूस ठेवला होता. नणंदेने तो उचलून बोट टेकवलं. "मऊ झालंय की. मला नसतं सुचलं, मी कोरड्यावरच हात घातला असता."

मग तिने पर्समधून बारीक चिमटा काढला. पण टरफल धरलंच नाही. मिटलेल्या चिमट्याची टोकं त्याच्या फटीत सरकवली आणि बोटांचा दाब हळूहळू सोडला. चिमटा आपसूक उघडत गेला, त्याच्याबरोबर फटही. चिमट्याने ओढायचं असतं, एवढंच वहिनीला ठाऊक होतं. ती बघतच राहिली.

आत फिकट पिवळं पान दिसलं आणि नणंदेने चिमटा खाली ठेवला.

"अगं, अर्धं अडकलंय अजून."

"असू दे."

"एवढंसं तर राहिलंय."

"त्या एवढ्याशापायीच डोळे जातात, वहिनी. हात छान चालतोय असं वाटलं की मी थांबते."

तोंडावर कौतुक करायची वहिनीला सवय नव्हती. तिने चहा केला आणि नणंदेच्या कपात साखर जरा सढळ हाताने घातली.

जेवणं झाली, भांडी झाली. दोघी खिडकीशी आल्या, तर टोपी मातीवर पडलेली. पानं उघडली होती. एकाची कड तेवढी दुमडलेली.

"आपण बघत बसलो असतो तर पडली नसती," नणंद म्हणाली. "आईचंही तसंच. कुणी बघत असलं की तिचं काम अडायचं."

वहिनी हसली. कुंडी तिने अलगद उन्हाकडे वळवली.

"पहिला भोपळा बियांसाठी ठेवायचा," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी मी खोल पेरीन."