आत्याचा शब्द

"देशाचं नाव छातीवर, आणि देशाचा चिखल माझ्या बादलीत," कालो पुटपुटली.

ती मागच्या पडवीत बसून लेकीचे फुटबॉलचे मोजे घासत होती. दोन हातांवर तिची नणंद लाइते तारोचे कंद सोलत होती. तिला ऐकू जाईल, पण तिला म्हटलं असं होणार नाही, अशा बेताने कालोने आवाज लावला होता.

"हे आता वाळायचे कधी? उद्या रविवार, देवाचा वार. दोरीवर चिंधी दिसली तरी गाव बोलेल."

"ओलेच घेऊन जाईल ती. बोटीवर वाळतील," लाइते म्हणाली.

"मी कुठं काय म्हटलं, वन्सं? मी मोज्यांशी बोलत होते."

सकाळभर कडक ऊन होतं तेव्हा कालोने बादलीला हात लावला नव्हता. ऊन उतरल्यावर तिला मोजे आठवले. लाइतेला हे दिसत होतं आणि त्याचं कारणही माहीत होतं. तिने पुढचा कंद उचलला.

लाइते टोंगाच्या मुलींच्या राष्ट्रीय संघाची प्रशिक्षक. शुक्रवारच्या बोटीने ती एउआ बेटावर भावाकडे आली होती ती भाचीला न्यायला. भाची पेलेनाइसे, घरची पेली, संघाची गोलकीपर. सुट्टी घेऊन घरी आली होती. सोमवारी पहाटेच्या बोटीने दोघींनी राजधानी गाठायची, तिथून संघाबरोबर विमानाने स्पर्धेला जायचं, असं ठरलं होतं. म्हणजे लाइतेने ठरवलं होतं. इथल्या रीतीप्रमाणे आत्याने ठरवलं की ठरलं. भावाच्या पोरांवर पहिला हक्क बहिणीचा; आईबापाने मान डोलवायची.

या रीतीवरच लाइतेचा सगळा फुटबॉल उभा होता. ती तरुण असताना पोरींनी अर्ध्या चड्डीत चेंडूमागे धावायचं हे गावाच्या पचनी पडेना. पाद्रीबुवांनी एका रविवारी अख्खं प्रवचन गुडघ्यांवर दिलं. बापाने बूट चुलीत घालायला काढले. तेवढ्यात लाइतेची आत्या काठी टेकत आली, म्हणाली, "खेळू दे तिला," आणि चहा पिऊन निघून गेली. बूट वाचले.

भाऊ फेलेती मात्र तिचा एकही सामना बघू शकला नाही. वयात आलेल्या भावाबहिणीने एका खोलीत बसायचं नाही, एकमेकांच्या निजायच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, अंगाचं, दुखण्याखुपण्याचं काही बोलायचं नाही. मग उघड्या गुडघ्यांची बहीण बघणं तर लांबच. सामन्याच्या दिवशी फेलेती उजाडताच मैदानातलं गवत कापायचा, चुन्याच्या रेघा ओढायचा, आणि पोरी कपडे बदलून येण्याआधी डुकरांना खायला घालायच्या निमित्ताने घर गाठायचा. संध्याकाळी विचारायचा, "ताई, मैदान बरं होतं ना?" ती म्हणायची, "बरं होतं." त्या दोघांत फुटबॉलबद्दल जन्मात झालेलं बोलणं ते एवढंच.

पुढे लाइते शिकवायला लागली. संघ जमायचा आणि विरायचा. एकीचं लग्न व्हायचं, दुसरीला न्यूझीलंडच्या फळबागेत काम मिळायचं, तिसरीच्या घरचे म्हणायचे, त्यापेक्षा नेटबॉल बरा. परदेशी जाऊन इतके गोल खाल्ले की विमानतळावरचा माणूस शिक्का मारताना आकडा विचारायचा. मग पेली उभी राहिली, लांब हातांची आणि थंड डोक्याची. मागच्या वर्षी शेजारच्या एका बेटाशी त्यांची बरोबरी झाली, शून्य-शून्य, आणि पोरी करंडक मिळाल्यासारख्या रडल्या. या वेळी पहिला सामना त्याच संघाशी होता. देशासाठी एक सामना जिंकावा ही लाइतेची इच्छा पन्नाशीला आली तरी तशीच होती, आणि आता ती प्रथमच हाताच्या अंतरावर दिसत होती. दुसरी गोलकीपर नव्हतीच. ती न्यूझीलंडला किवीची फळं तोडत होती.

आणि फेलेतीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. रक्त धुणारं यंत्र देशात नाही. परदेशी जायचा व्हिसा आला नाही. डॉक्टरांनी कालोला काय ते सांगितलं, कालोने फोनवर रडत लाइतेला सांगितलं, आणि त्यानंतर ते शब्द पुन्हा कुणी उच्चारले नाहीत. घरात "बरं वाटेल" चाललं होतं. पेलीने बापाचे सुजलेले पाय पाहिले होते, ती रोज ते चेपत होती. विचारलं मात्र तिनेही काही नव्हतं.

रविवारी रिवाजाप्रमाणे कमरेला मानाच्या चटया गुंडाळून सगळ्या चर्चला गेल्या. जमिनीतल्या चुलीतून जेवण निघालं. रीतीप्रमाणे पहिलं पान लाइतेसमोर आलं, सगळ्यात चांगला तुकडा त्यावर. नवे पाद्रीबुवा जेवायला होते, माणूस हसतमुख.

"काय पेली, या खेपेला किती खाणार?"

"आधी आम्ही अकरा खायचो, मग नऊ. आता पोट बिघडलंय," पेली म्हणाली.

सगळे हसले. तेवढ्यात कालो आतल्या खोलीतून फेलेतीचं ताट घेऊन बाहेर आली. वरचं केळीचं पानसुद्धा हललेलं नव्हतं. सगळ्यांनी ते पाहिलं. पाद्रीबुवा म्हणाले, "उद्या वारा पडेल असं वाटतं, बोटीला त्रास नाही." लाइते म्हणाली, "हो, पडेल." आणि ती वाऱ्याबद्दल बरंच बोलली.

दुपारी पाहुणे गेले. लाइते बाहेरच्या खोलीत चटईवर बसली. आत, फुलाफुलांच्या पडद्यापलीकडे, फेलेती. पेली उंबऱ्यात बसली, कारण भावाबहिणीचं बोलणं तिच्यामार्फत व्हायचं. दोघांना एकमेकांचं अक्षर न् अक्षर ऐकू येत असे, तरी.

"बाबांना विचार, झोप लागली का."

"बाबा, आत्या विचारते, झोप लागली का."

"आत्यांना सांग, लागली." आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. "त्यांना विचार, तिथलं मैदान कसं आहे."

"प्लास्टिकचं गवत आहे, म्हणावं. कापावं लागत नाही."

आत फेलेती थोडा हसला. मग खोकला. खोकला लवकर थांबेना. लाइते गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिली. उठून पाठ चोळावी तर रीत आड येते. कालोने आत जाऊन पाणी दिलं आणि ती तिथेच थांबली.

"बाबांना विचार," लाइते म्हणाली, "उद्या मी तुला नेऊ ना."

पेलीने हे पुढे पोचवलं नाही. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

आतून आपणहूनच उत्तर आलं. "आत्यांना सांग, मुलगी त्यांची आहे. त्यांच्या शब्दापुढे माझं काय?"

पडद्याआड कालोचा हुंदका फुटला आणि तिने तो तळहाताने दाबला.

बहिणीला नाही म्हणणं फेलेतीला येणारच नव्हतं. त्याने रेघा ओढून दिल्या होत्या, तशीच मुलगीही दिली असती. पेली काही बोलणार नव्हती, ती आत्याची भाची. कालो मोज्यांशी बोलली होती, तेवढीच तिची पोच. लाइतेच्या ध्यानात आलं की या घरात ती आल्यापासून तिघंही तिच्याच तोंडाकडे बघत होती. आत्याच्या शब्दाने तिचे बूट वाचले होते. आज तो शब्द तिच्याकडे होता, आणि ती त्याच्या जोरावर एक गोलकीपर नेऊ बघत होती.

तिच्या डोळ्यांपुढून तो सामना गेला. पेलीच्या जागी गोलात उभी केलेली, हातमोजे घातलेली, बावरलेली आघाडीची पोरगी, आणि तिच्या पाठीमागे हलणारी जाळी. पुन्हा, पुन्हा.

ती उठली. पेली सवयीने म्हणाली, "काय सांगू बाबांना?"

"तू नको सांगूस."

लाइते पडद्यापाशी जाऊन उभी राहिली, इतक्या जवळ की कापड श्वासाने हललं. आयुष्यात ती त्याच्याशी दुखण्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

"फेलेती," ती म्हणाली, "तू मरणार आहेस. हिला उद्या नेलं, तर ही परत येईल तेव्हा तू नसशील. मी नेत नाही हिला."