साऱ्या चहाखान्याला मुतखडा

आमच्या मार्गिलान शहराच्या बाजारात ओलिमखान तबीब, म्हणजे झाडपाल्याचा वैदू, लाल पाण्याची बाटली उन्हात धरून उभा होता आणि भोवती ही गर्दी! बाटलीत आमच्या चहाखान्यातल्या सोबिरअकाची लघवी होती.

"काल पिवळी, आज लाल! खडा विरघळतोय, लोकहो! दगडाचं रक्त वाहतंय!"

"दगडाला रक्त कुठून आलं?" मी विचारलं, तर लोकांनी मलाच गप्प केलं.

सोबिरअकाला मुहय्यो डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की खडा मोठा आहे, वाट अडवून बसलाय, लवकर काढला नाही तर मूत्रपिंड जाईल. पण शस्त्रक्रिया म्हटलं की त्याची गाळण उडायची. म्हणून त्याने तबीबाचा काढा धरला होता.

त्या संध्याकाळी तो काढ्याची किटली घेऊनच चहाखान्यात आला. चारचौघांत एकट्याने पिणं आमच्याकडे शोभत नाही. त्याने पियाली, म्हणजे चहाची वाटी, भरभरून सगळ्यांत फिरवली. कडूजहर! पण नको कोण म्हणणार?

सकाळी दवाखान्यापुढे आमचा अख्खा चहाखाना उभा. मीही होतो, आणि चांगलाच टरकलो होतो.

"बाई, लाल होतेय! आम्हालाही मुतखडा झाला!" चहाखानेवाला तुर्दी रडकुंडीला आला होता.

"सगळ्यांना एका रात्रीत?"

बाईंनी एकेकाची सोनोग्राफी केली. खडा दिसला तो फक्त सोबिरअकाचा, होता तिथेच आणि होता तेवढाच. मग त्यांनी किटली मागवून तळातली मुळी बाहेर काढली.

"अहो, ही मंजिष्ठ! तुमच्या बायका हिच्यात लोकर रंगवतात. लोकर रंगते तशी लघवीही रंगते. खडा असो वा नसो!"

"म्हणजे माझा खडा..." सोबिरअका पांढराफटक पडला.

"मजेत आहे. तुमचं मूत्रपिंड मात्र नाही. आजच भरती व्हा."

तुर्दी आपली बाटली भरून थेट बाजारात गेला. "तबीबसाहेब, मला खडाच नाही. मग हे रक्त कुणाचं?" गर्दी खो खो हसली आणि तबीब गाठोडं आवरून पसार झाला.

शस्त्रक्रियेने खडा निघाला आणि सोबिरअकाचं मूत्रपिंड थोडक्यात वाचलं. आता तो पियालीत साधं पाणी फिरवतो. बारीक खडा पुष्कळदा आपोआपच पडतो, श्रेय मात्र काढ्याला मिळतं. झाडपाल्यात गुण असेलही, पण तो तपासून सिद्ध व्हायला हवा. तोवर चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच विचारा: ज्याला खडाच नाही, त्याने हे प्यायलं तर काय होतं?