हॅट नसलेला डबा

शिंपीणबाईंकडचा तो गोल डबा होता बायकांच्या हॅटचा, पण चार पिढ्यांत त्यात हॅट म्हणून कधी शिरली नाही.

पणजीला देश सोडावा लागला तेव्हा माणशी एकच बोचकं नेता येत होतं. हॅटचा डबा मात्र सामानात मोजत नसत. तो अंगावरच्या कपड्यांत जमा. पणजीने कुणीतरी टाकून दिलेला डबा उचलला, त्यात कात्री, अंगुस्तान, टेप आणि लहान इस्त्री भरली, आणि अधिकाऱ्याला ठणकावून सांगितलं, "हॅट आहे." नव्या गावात आठव्या दिवशी तिच्या हाताला काम होतं. पुढे हाच डबा घेऊन आजीने समुद्र ओलांडला, आईने सरहद्द. जी निघाली तिने झाकणाच्या अस्तरावर टाक्यांची एक ओळ घातली. पणजीची लाल, आजीची निळी, आईची हिरवी. पुरुष मंडळींनी काय आणलं ते विचारू नये. रुबाब आणला.

आता शिंपीणबाईंची इमारत पाडणार होते. धाकटा भाऊ न्यायला आला, आणि न विचारता जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यालाही घेऊन आला.

"दिवाणखान्यात शोभेल," व्यापारी डबा फिरवून म्हणाला. "आतलं भंगार तेवढं काढून द्या."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही या आता," त्या म्हणाल्या, आणि डबा त्याच्या हातातून काढून घेतला. व्यापारी निघून गेला.

"ताई, अगं बास झालं की! माझ्याकडे चल, बसून खा."

"बसून खायला मी काय दुखणेकरी आहे?"

"या वयात बहीण मशीन चालवते म्हणून लोक मला नावं ठेवतात."

"ठेवू देत. तू शिकलास तो याच भंगारावर. बाजारातल्या कापड दुकानात अल्टरेशनचं टेबल रिकामं आहे, वर राहायला खोली आहे. मी कालच हो म्हणून आलेय."

बाईंनी सुईत पिवळा दोरा ओवला आणि उभ्या उभ्याच हिरव्या ओळीखाली आपली ओळ घातली. दोरा त्यांनी दाताने तोडला.

"बरं बाई," भाऊ शेवटी पुटपुटला, "निदान सामान तरी गाडीत टाकू दे."

बाईंनी डबा काखेत मारला आणि दाराकडे निघाल्या.

"सामान कसलं? हॅट आहे."