पत्रकातला दगड

नाव: तारापंछी. प्रकार: प्रवासी यान, एका ग्रहावरून दुसऱ्यावर. चालक: भाग्येश.

हे पत्रक भाग्येशने शुक्रवारीच भरून ठेवलं होतं. विसरवाडीच्या चौफुलीवर, पंक्चरच्या दुकानामागे, जुन्या टायरवर फळी टाकून तो आणि त्याचा मित्र दानियल हा यानांचा खेळ खेळत. खेळ दानियलने पुण्याच्या होस्टेलमधून आणला होता. नियम त्याने वहीत मराठीत उतरवले होते.

आज रविवार, दुपारचे तीन. चारला भाग्येशची जीप दानियलच्या आईची भजनमंडळी घेऊन घाटापलीकडच्या मेळाव्याला जाणार. जाताना चढ, येताना उतार. दानियलची बहीण लिडियाही जाणार होती. तोवर वेळ घालवायला ती फळीजवळ बसली.

वेग: ५.

"पाच म्हणजे ताशी किती?"

"ताशी नाही गं. सहापैकी पाच," दानियल म्हणाला. "फासा टाकायचा. पाच किंवा कमी पडलं की जमलं."

कवच: ३.

"कवच म्हणजे पत्रा," भाग्येश म्हणाला.

आसने: ९.

दार: डावं उघडत नाही.

लिडिया हसली. "आकाशात उघडलंच नाही तर बरं. नाहीतर सगळे गुदमरून मरतील."

ब्रेक: २.

सोबतचं सामान: दोरी, पाण्याचा कॅन, दगड एक.

"दगड? आकाशात कुठल्या चाकाखाली लावतोस रे?" दानियलने फळीवर थाप मारली.

भाग्येश हसला नाही. "सवय शे," म्हणाला.

पहिला डाव. डोंगराळ ग्रह, यान उतरवायचं.

"प्रवासी किती?"

"नऊ."

"मांडीवरचे धरून?"

"मांडीवरलं कोन मोजस, दान्या?"

खरंच, कुणी मोजत नाही. मांडीवरच्याचं भाडं नसतं, म्हणून तो माणूस नसतो. टपावर बसलेला अर्धा. दानियलने मात्र वहीतलं वाचून दाखवलं: नवाच्या वर दर दोन जणांमागे ब्रेक एकने कमी. लहान-मोठा भेद नाही.

"बरं, नऊच धर," तो म्हणाला. "दोन किंवा कमी पाड."

चार.

पुन्हा.

पाच.

पुन्हा.

एक.

"उतरनं ना!" भाग्येशने मूठ आपटली.

"दोनदा आदळल्यावर," लिडिया म्हणाली.

ती पत्रकाकडेच बघत होती. डावं दार. गेल्या महिन्यात आईला पुढच्या सीटवरून उतरायचं होतं, तेव्हा भाग्येशला आधी उतरावं लागलं होतं. आणि दगड. प्रत्येक थांब्यावर तो उडी मारून खाली येतो, पुढच्या चाकाला दगड लावतो. तिला वाटायचं, सगळेच ड्रायव्हर लावत असतील.

"भाग्येशभाऊ, वेगाला पाच दिलेस. ब्रेकला दोनच का? आपल्या यानाला कुणी दोन देतं का?"

त्याने पेन्सिलीचं टोक अंगठ्याने चोळलं. "दान्याच म्हने, यान खरं वाटाले पाहिजे."

"मग खरं किती आहे?"

तो घड्याळ बघत उठला. "चार वाजाले ऊनात. चाल."

मोजणी, लिडियाची, जीपभोवती फिरून:

पुढे आई, आणि तिच्या मांडीवर एक. मधे पाच, मांडीवर दोन. मागे सहा, मांडीवर दोन. टपावर दोघं, ढोलकी धरून.

एकोणीस. भाग्येश धरला तर वीस.

जास्तीचे दहा. भाग्येशला सोडून.

दोनातून पाच.

दानियलच्या वहीत शून्याखालचा नियम नव्हता.

"दादा, थांबव त्याला."

"खेळ आहे तो, लिडे," दानियल म्हणाला. पण फासा त्याने मुठीत घट्ट धरला होता.

"तो कागद शे," भाग्येश स्टिअरिंगवर बसत म्हणाला. "रोज जास नही का मी? बठ."

लिडिया बसली नाही. ती जीपच्या पुढे जाऊन उभी राहिली. चौफुलीचा रस्ता तिथून हायवेकडे उतरतो. तिच्या पाठीमागे ट्रक जात होते.

"नवरदेवाची वाट अडवायला आली काय गं?" टपावरून कुणी म्हणालं. मागे हशा पिकला.

"लिडे, मेळावा सुरू होईल," आई, बुधीबाई, काचेमागून ओरडली.

भाग्येशने इंजिन चालू केलं. पाय ब्रेकवर दाबला. मग रोजच्यासारखं हनुवटीने दानियलला खुणावलं: दगड.

दानियल चाकाशी वाकला.

"काढ, दादा," लिडिया म्हणाली. "त्याचा पाय ब्रेकवर आहे ना? मग काढ. मी हलत नाही."

दानियलचा हात दगडावर तसाच राहिला. त्याने वर बघितलं. आता भाग्येशने फक्त "काढ" म्हणायचं होतं.

हसणं मागच्या सीटपासून पुढे एकेक करत विझत आलं. भाग्येशच्या कपाळावरून घाम नाकापर्यंत आला. तो लिडियाच्या गुडघ्यांकडे बघत होता.

बुधीबाईने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या पायाकडे. पेडल पार तळाला टेकलं होतं. तिने भजनाचं पुस्तक पिशवीत घातलं, मांडीवरचं पोर खांद्यावर घेतलं.

"भाग्या, हो बाजूला. मला उतरायचंय."

तिला उतरायला एकच दार होतं, त्याचं. त्याने इंजिन बंद केलं आणि ब्रेकवरचा पाय काढला.

जीप पुढे कलली. दगड करकरला.

"मागचे आधी उतरा," दानियल ओरडला. "हळू. एकेक."

लिडिया बाजूला झाली. शेवटचा माणूस खाली येईपर्यंत दगड वीतभर पुढे सरकला होता, आणि मातीत तो घासल्याची रेघ दिसत होती.